फेरारीच्या पिढ्या आणि त्यांचे भाव

नवी मोटार शोरूमच्या दारातून बाहेर पडून खरेदीदाराच्या नावे चढली, की त्या दिवसापासून तिच्या किमतीला उतरती कळा लागते, हा मोटारींच्या व्यवहारातला इतका जुना आणि सर्वमान्य परिपाठ आहे की, जी मोटार तो पाळीत नाही तिच्याविषयी नाना दंतकथा पसराव्यात यात नवल नाही. इटलीत मोदेनाजवळच्या मारानेल्लो या गावी तयार होणाऱ्या फेरारी मोटारींविषयी अशीच एक दंतकथा प्रचलित आहे. ती अशी की, फेरारीचा भाव कधी पडतच नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. बहुतेक फेरारी पडतात, कित्येक तर सपाटून पडतात. दहापंधरा वर्षांनी त्यांतल्या काही पुन्हा वर येतात आणि काही तळाशीच राहतात. आणि कोणती वर यावी व कोणती तळाशी राहावी याचा निवाडा, तिच्या अंगच्या गुणांइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक, तिच्या मागून आलेल्या पिढीने काय नवे दिले आणि काय जुने काढून घेतले यावर होत असतो.

या विषयाची चर्चा निघाली की २५० जीटीओ या गाडीचा दाखला हटकून दिला जातो. १९६२ ते १९६४ या अवधीत शर्यतींसाठी म्हणून अवघ्या ३६ तयार झालेल्या या गाड्या, चालकाच्या पाठीमागे इंजिन बसवण्याची पद्धत शर्यतीच्या मैदानावर रूढ होताच निरुपयोगी ठरल्या, आणि त्या दशकाच्या अखेरीस त्यांपैकी काही मोजक्या हजार डॉलरांना विकल्या गेल्या. त्यांतलीच एक २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे येथील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरांना गेली. दाखला नेत्रदीपक आहे खरा. पण त्यावरून फेरारीच्या बाजाराचे अनुमान काढणे म्हणजे कोहिनूरच्या भावावरून सराफकट्ट्यावरच्या अंगठीची किंमत करणे होय. अनुमान काढायचे तर ते हजारांच्या संख्येने निघालेल्या, आठ सिलिंडरच्या, दोन आसनांच्या त्या घराण्यावरून काढावे, ज्याची सुरुवात १९७५ साली ३०८ या गाडीने झाली.

या घराण्यातली ३४८ ही गाडी अत्यंत वाईट मुहूर्तावर जन्मली. १४ ऑगस्ट १९८८ रोजी संस्थापक एन्झो फेरारी निवर्तले आणि आता अशा गाड्या पुन्हा होणे नाही या भावनेने सट्टेबाजांनी बाजारात जी उचल खाल्ली, तिने साध्या फेरारीचे भावही अवाच्या सवा चढले. एफ-४० या गाडीच्या सुमारे चारशे प्रती काढण्याचा कारखान्याचा मूळ बेत असताना मागणीपोटी तेराशेंवर निघाल्या, त्या याच लाटेत. ३४८ आली १९८९ साली, आणि पुढच्याच वर्षी लाट ओसरू लागली. शिवाय १९९१ साली फेरारीची सूत्रे हाती घेणारे लुका दि मोंतेझेमोलो यांनी, स्वतः बाळगलेल्या ३४८ विषयीची आपली नाराजी पुढे चारचौघांत बोलून दाखवली. कारखान्याचा धनीच असे म्हणू लागला तर गिऱ्हाइकाने काय करावे? ही गाडी कित्येक वर्षे घराण्यातली उपेक्षित म्हणूनच गणली गेली, आणि तिची उपेक्षा पक्की केली ती १९९४ साली आलेल्या तिच्या वारसदाराने, म्हणजे एफ-३५५ ने.

एफ-३५५ हिच्यापाशी जरा थांबले पाहिजे. साडेतीन लिटरचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, आणि जाणकार ज्याच्या आठवणीने आजही हळवे होतात असा तारसप्तकातला आवाज, ही तिची कीर्ती. परंतु या इंजिनाच्या झडपांचे नियमन करणारे रबरी टायमिंग बेल्ट ठराविक वर्षांनी, गाडी चालो वा न चालो, बदलावेच लागतात. न बदलता एखादा तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिनाची वाट लागते. आणि ते बदलण्यासाठी इंजिन, गिअरबॉक्स व मागचा सांगाडा असा सगळा संसार गाडीखालून उतरवून बाहेर घ्यावा लागतो. त्यात एक्झॉस्टच्या नळ्यांना चिरा पडण्याची खोड आणि आतल्या प्लॅस्टिकच्या बटणांवरचा लेप काही वर्षांनी पाघळून बोटांना चिकटण्याची व्याधी. सबब या पिढीची गाडी स्वस्तात मिळाली असे ज्याला वाटते, त्याने आधी तिचे दप्तर पाहावे: बेल्ट कधी बदलले, कोणी बदलले, पावती आहे काय? ज्या गाडीची सर्व्हिस बुके आणि पावत्या पहिल्या मालकापासून सलग आहेत ती, आणि जिच्यापाशी काहीच नाही ती, या दोघी एका रंगाच्या व एकाच सालच्या असल्या तरी बाजारात त्यांची गणना एका पंक्तीत होत नाही. भाव पडण्याचे मुख्य कारण या वर्गाच्या गाड्यांत झीज हे नसतेच, कारण त्या मुळी फारशा चालवल्याच जात नाहीत. पुढच्या मोठ्या खर्चाची जी धास्ती खरेदीदाराला असते, तीच किमतीतून वजा होते.

१९९९ साली आलेल्या ३६० मोडेनाने ही धास्ती बरीच हलकी केली. देह ॲल्युमिनियमचा, आणि बेल्ट बदलायचे तर आसनांमागची झाकणी उघडून आतूनच हात घालता येई. उपयुक्ततेच्या हिशोबाने ३६० सरस. तरीही आज सुस्थितीतली एफ-३५५ तिच्याहून चढ्या दामाने जाते, कारण खरेदीदार जे शोधतो ते ३६० मध्ये त्याला थोडे पातळ झाल्यासारखे वाटते. आपल्याकडे फेरारी म्हटले की जी गाडी आठवते ती हीच. सचिन तेंडुलकर यांनी ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल फियाट कंपनीने २००२ साली ३६० मोडेना भेट दिली, तिच्यावरच्या १ कोटी १३ लाखांच्या जकातमाफीवरून वादंग माजले, आणि अखेर जकात कंपनीनेच भरली. २०११ साली ती सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. एरवी तीन वर्षांहून जुनी मोटार सर्वसाधारण नियमाने आयात करता येत नसल्यामुळे, युरोपात तळाला गेलेली फेरारी स्वस्तात उचलून मुंबईच्या बंदरात उतरवण्याचा मार्ग आपल्या हौशी मंडळींना बंदच आहे.

खरी गंमत २००४ च्या एफ-४३० पासून सुरू होते. तिच्यात बेल्ट जाऊन साखळी आली आणि जुने दुखणे संपले. ही गाडी दोन प्रकारांत मिळे: पायाने क्लच दाबून, चकचकीत धातूच्या पट्टीतल्या खाचांतून दांडा फिरवीत गिअर टाकण्याची, आणि स्टिअरिंगमागच्या पाकळ्या बोटांनी ओढण्याची. त्या काळच्या श्रीमंतांनी आधुनिक म्हणून बहुसंख्येने पाकळ्याच निवडल्या. पुढे २००९ साली ४५८ इटालिया आली ती केवळ दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सनिशी. दांडा कायमचा गेला. झाले! जो दांडा नवेपणी कोणाला नको होता, तो असलेली एफ-४३० तिच्या पाकळ्यांच्या बहिणीला फार मागे टाकून गेली, आणि त्या बहिणीचा एकेरी क्लच तर सावकाश रहदारीत लवकर जळणारा, म्हणून तिची पत आणखीच खालावली. हाच न्याय स्वतः ४५८ हिलाही लागू पडला. २०१५ साली ४८८ ही टर्बो घेऊन आली, तेव्हा ताकद वाढली, पण ९००० फेऱ्यांपर्यंत मोकळ्या श्वासाने चढत जाणाऱ्या इंजिनाची ती मालिका खंडित झाली. आणि ४५८ च्या, विशेषतः तिच्या स्पेचियाले या आवृत्तीच्या किमतीला जो टेकू मिळाला, तो तिच्या वारसदारानेच नकळत दिलेला होता.

चार आसनांच्या गाड्यांच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते. मोन्दियाल, ४१२, ६१२ या सगळ्या इंजिनाने खानदानी, पण फेरारी घेणाऱ्याला मागच्या आसनावर कोणी बसवायचे नसते. बाजाराने हा निकाल फार पूर्वीच दिला आहे. तसेच नवी गाडी घेताना कार्बन फायबरच्या सजावटीवर ओतलेला पैसा: तो विकताना बहुतांशी बुडाला असेच समजावे.

आता या घराण्यात विजेची मोटर आली आहे. २०१९ च्या एसएफ-९० पासून आणि पुढे २९६ मध्ये पेट्रोलच्या जोडीला बॅटरी बसली, आणि एसएफ-९० चे जुन्या बाजारातले भाव अनेकांच्या अपेक्षेहून लवकर उतरले. कारण जुन्या बेल्टच्या धास्तीची जागा बॅटरीच्या धास्तीने घेतली. बेल्ट निदान कोणीही कुशल मेकॅनिक बदलू शकत होता; वीस वर्षांनी त्याच जातीची बॅटरी कोण बनवून देणार? हा प्रश्न गिऱ्हाइकांआधी मारानेल्लोच्या दप्तरी पोचला असावा, कारण २०२४ साली कारखान्याने वार्षिक वर्गणीची एक योजना जाहीर केली, जिच्यात आठव्या आणि सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून देण्याची हमी आहे, आणि गाडी विकली तरी ती हमी गाडीबरोबरच पुढच्या मालकाकडे जाते.