पावसाळी गावातलं कुत्र्यांचं मैदान



सैन्यातल्या कुत्र्यांवरचा भाग झाल्यापासून एकच प्रश्न गावोगावहून येतोय. बेळगाव, वडोदरा, इंदूर, बंगळुरू. शब्द वेगळे, मुद्दा एक: "कर्नलसाहेब, कॉलनीत कुत्र्यांना पट्टा काढून मोकळं सोडायला एक कोपरा करावा म्हणतोय. पण आमच्याकडे चार महिने पाऊस. चिखलात कसलं मैदान होणार?"

होतं. आपल्यापेक्षा जास्त दिवस पाऊस असलेल्या गावात मी ते बघितलंय, आणि तिथे हिवाळाभर रोज सकाळी एक लॅब्रॅडॉर घेऊन उभा राहिलोय. गाव म्हणजे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं सिएटल. थोरली मुलगी तिथे नोकरी करते. आम्ही दोघं गेलो की स्वयंपाकघर हिच्या ताब्यात आणि कुत्रं माझ्या. तशी वाटणी कोणी केली नाही, झाली.

आधी पावसाचा हिशेब. सिएटलचं नाव पावसासाठी जगभर झालेलं, पण वर्षाचा पाऊस साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत त्याच्या दुपटीहून जास्त पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे सिएटलचं जवळजवळ अख्खं वर्ष एका दिवसात. मग त्या गावाला पावसाळी का म्हणायचं? कारण तिथे वर्षातले दीडशेएक दिवस पाऊस असतो. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत नुसती भुरभुर. छत्री उघडायची लाज वाटावी इतकी बारीक, पण जमीन कधी वाळू न देणारी. डिसेंबरात दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो. नोकरीवरून लोक परततात तेव्हा मैदानात अंधार, आणि कुत्र्यांच्या गळ्यात लुकलुकणारे दिवे. आपली अडचण पाण्याच्या लोंढ्याची, त्यांची कायमच्या ओलीची. उपाय पुष्कळसे सारखे, काही अगदी उलटे.

तिथला कायदा साधा आहे. सार्वजनिक बागेत कुत्रं पट्ट्यातच पाहिजे. पट्टा काढायचा असेल तर ठरवून दिलेल्या, कुंपण घातलेल्या जागेतच. १९९६ च्या सुमारास शहराने अशा जागा प्रयोग म्हणून सुरू केल्या आणि मग त्या कायम झाल्या. आता चौदाच्या आसपास आहेत. शहराच्या ताब्यात सहा हजार एकरांहून अधिक बागा, त्यातला अर्धा टक्कासुद्धा या मैदानांना गेलेला नाही. हा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "माणसांना जागा नाही, कुत्र्यांना कुठली?" फार लागतच नाही.

यातलं सर्वात मोठं मैदान मॅग्नसन पार्कमधलं, साडेआठ एकरांच्या आसपास. माझ्यासारख्याला तिथे दुहेरी करमणूक. ही जागा पूर्वी नौदलाचा विमानतळ होती. विमानाने पृथ्वीप्रदक्षिणेची जी पहिली यशस्वी मोहीम १९२४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांनी केली, ती इथूनच सुटली आणि इथेच येऊन संपली. आज त्याच आवारात जुन्या पाणबुड्यांचे पंख जमिनीत उभे करून शिल्प केलंय, आणि थोडं पुढे कुत्री चिखल उडवत तळ्यात उड्या मारतात. शहरातल्या या मैदानांपैकी तळ्याचा काठ फक्त इथेच. लाजऱ्या आणि छोट्या कुत्र्यांसाठी वेगळा भाग काढलाय, तो मला फार शहाणपणाचा वाटला. चाळीस किलोचं कुत्रं खेळता खेळता चार किलोच्या कुत्र्याला शिकार समजू शकतं. त्यात राग नसतो, पण परिणाम तोच.

दुसरं टोक म्हणजे बेलटाऊन भागातलं चिमुकलं मैदान, एकराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही लहान. तिथे एक्लिप्स नावाची काळी कुत्री एकटीच सिटी बसमध्ये बसून जायची. मालक मागे रेंगाळला तर ही पुढची बस पकडायची आणि बरोबर मैदानाच्या थांब्यावर उतरायची. २०१५ मध्ये तिची बातमी जगभर गेली. २०२२ मध्ये ती वारली तेव्हा बसवाल्यांनीही शोक केला. आमच्या हिला ही गोष्ट खोटी वाटली होती. फोटो दाखवल्यावर म्हणाली, "तिकीट कोण काढायचं?"

पण आपल्या लोकांनी बघावं असं मैदान तिसरंच आहे. सिएटलमधून आंतरराज्य महामार्ग उंच खांबांवरून जातो. त्याच्याखालची जागा ओसाड, कचऱ्याची, रात्री कोणी पाऊल टाकू नये अशी होती. २००५ मध्ये तिथे कोलोनेड नावाची बाग केली: सायकलींसाठी चढउताराच्या वाटा आणि एका भागात कुत्र्यांचं मैदान. वर महामार्ग, म्हणजे आयतं छप्पर. खाली गवत नाही, माती जवळजवळ नाही, खडी आहे. बाहेर भुरभुर चालू असताना कुत्री कोरड्या पायांनी धावतात.

मुंबईकरांना हे ओळखीचं वाटेल. माटुंग्याला उड्डाणपुलाखाली नर्मदेच्या वळणांसारखी वाट असलेली बाग आहेच. पुलाखाली माणसांची बाग होऊ शकते, तर कुत्र्यांचं मैदानही होऊ शकतं. दोन दोष मात्र लपवणार नाही. वरच्या वाहतुकीचा आवाज माणसापेक्षा कुत्र्याला जास्त जाणवतो, आणि भित्रं कुत्रं तिथे खेळत नाही, नुसतं कोपरा धरून बसतं. शिवाय पुलावरून धूळ आणि धूर खाली उतरतो. अर्धा तास ठीक, दोन तास नको.

आता बांधणीकडे येऊ. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फाटक. एक नाही, दोन. बाहेरचं उघडून आत यायचं, ते लावायचं, मधल्या चौकोनात पट्टा काढायचा, मग आतलं उघडायचं. छावणीच्या दारावर आपण हेच करतो: एकाच वेळी दोन्ही अडसर वर जात नाहीत. यामुळे कुत्रं रस्त्यावर पळत नाही हे उघड आहे. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. पट्टा मैदानात गेल्यावर काढायचा नाही, आधीच काढायचा. अनोळखी कुत्री भेटताना समोरासमोर सरळ येत नाहीत, थोडी वळसा घेऊन, बाजूने, हुंगत येतात. ती त्यांची रामराम करण्याची रीत. पट्टा ताणलेला असला की मान वर, छाती पुढे, वळायला जागा नाही. समोरच्याला ते आव्हान दिसतं. मोकळ्या कुत्र्यांत एकच बांधलेलं कुत्रं असणं हे भांडणाचं हमखास कारण. आणि फाटकाशी गप्पा मारत उभं राहायचं नाही. नवीन पाहुणा आत येतो तेव्हा सगळी टोळी तिथेच धावते, माणसांनी तरी वाट मोकळी ठेवावी.

मग जमीन. हिरवळीचा मोह सोडा. दहा कुत्री रोज वळणार तिथे गवत एक पावसाळासुद्धा टिकत नाही, आणि आधी जातं ते फाटकापाशी. पायांनी माती दाबली जाते, पाणी मुरत नाही, वर राडा होतो. सिएटलमध्ये काही मैदानांत लाकडाचा भुसा-चिपाड टाकतात, ते कुजलं की वर नवं. आपल्याकडे मी ते सुचवणार नाही. उष्ण हवेत बुरशी आणि वाळवी दोन्ही लागतील. दख्खनच्या काळ्या मातीत तर विचारूच नका, ती पाणी पिऊन फुगते आणि बूट धरून ठेवते. आपला उपाय आपल्या पायाखाली आहे: मुरूम. काळी माती वीतभर काढा, खाली जाड खडी, वर मुरूम दाबून घ्या, शंभर फुटाला दीड-दोन फूट उतार द्या, आणि उताराच्या टोकाला चर काढून पाणी नाल्याला जोडा. टोकदार खडी वर ठेवू नका, पंजे कापतात. सिमेंट तर नकोच. उन्हाळ्यात तव्यासारखं तापतं.

पाणी साचू न देण्याचं खरं कारण चिखल नाही, लेप्टोस्पायरोसिस आहे. उंदराच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात, कापलेल्या कातडीतून किंवा नाका-डोळ्यांतून अंगात शिरतात, आणि यकृत व मूत्रपिंड धरतात. कुत्र्याला होतो, कुत्र्याच्या मुतातून माणसालाही होऊ शकतो. कुत्र्यासाठी लस आहे, दर वर्षी द्यावी लागते. ती पावसाआधी, मे महिन्यातच पुरी करा. पहिल्यांदाच देत असाल तर दोन मात्रा लागतात, म्हणजे एप्रिलपासून तयारी. मैदानात पाण्याचा सामाईक हौद ठेवू नका. ज्याने त्याने आपलं भांडं आणावं. लहान पिल्लांना लशी पुऱ्या होईपर्यंत आणू नये. पार्व्होचे विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतात. सिएटलमध्ये चार महिन्यांखालच्या पिल्लांना प्रवेशच नाही. माजावर आलेल्या मादीलाही नाही, आणि हा नियम लाजून फलकावरून गाळू नका.

हे सगळं मी इतकं तपशिलात का सांगतोय? निवृत्तीनंतर आम्ही हैदराबादला राहतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका घरचं पाळीव कुत्रं मोकळं सुटलं होतं आणि सात वर्षांच्या मुलाला पोटरीला चावलं. मुलाच्या आईने जखम लगेच नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुतली आणि तासाभरात पहिली लस टोचून आणली. लिहून ठेवा, हाच क्रम. हळद नाही, चुना नाही, पट्टी बांधून "बघू" नाही. मुलगा बरा आहे. पण सोसायटीचे दोन तट पडले. एका बाजूला "कुत्रीच नकोत", दुसऱ्या बाजूला "आमचं कुत्रं कोणाला काही करत नाही". दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त चीड आणतं. तीस-पस्तीस वर्षांत एकाही डॉग हँडलरच्या तोंडून मी ते ऐकलेलं नाही. त्याचं कुत्रं काय करू शकतं हे त्याला नेमकं माहीत असतं.

सरसकट बंदी घालता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सोसायटीला तसा ठराव करू देत नाहीत. आणि मोकळं सोडण्याचा हट्टही चालणार नाही, कारण त्या मुलाला आजही पार्किंग ओलांडताना कोणाचा तरी हात लागतो. मग उरतं कुंपण. हैदराबादमध्ये उदाहरण जवळच आहे: कोंडापूरला महापालिकेने २०१८ मध्ये सव्वा एकराच्या वर जागेत, जिथे पूर्वी कचरा पडायचा तिथे, कुत्र्यांसाठी बाग केली. मी समितीला तिथे घेऊन गेलो. विरोध करणाऱ्या दोन बायका सर्वात जास्त वेळ थांबल्या.

आमच्याकडे पंपघरामागे साठ फूट बाय चाळीस फूट मोकळी जागा आहे. एका वेळी तीन कुत्री, त्याहून जास्त नाही. अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या. जो पाळी घेतो तो विष्ठा उचलतो, आणि आठवड्यातून एकदा चर साफ करतो. सिएटलची मैदानंही नागरिकांची संस्था महापालिकेबरोबर सांभाळते. नुसत्या पगारी माणसांवर हे चालत नाही. कुंपणाचा खालचा तीन फूट भाग पत्र्याने बंद करणार आहोत. हे तिकडे लागत नाही, इकडे लागतं: बाहेर रस्त्यावरची कुत्री असतात, जाळीतून नजरानजर झाली की दोन्हीकडून भुंकून रान उठतं आणि शेजारी पुन्हा तक्रार घेऊन येतात. खर्चाचा कागद सर्वसाधारण सभेपुढे आहे. मंजुरी झाली तर जूनच्या आत मुरूम पडला पाहिजे, नाहीतर वर्ष गेलं.

तोवर घरी एक काम करा. "ये" म्हटल्यावर येणं शिकवा. बहुतेक लोक कुत्र्याला खेळ संपवायलाच बोलावतात. मग त्याला "ये" म्हणजे घरी जायचं, हे कळतं आणि ते ऐकू न आल्यासारखं करतं. म्हणून खेळ चालू असताना दहा वेळा बोलवा, आलं की खाऊ द्या, गळपट्टा हाताने धरा, आणि नऊ वेळा पुन्हा सोडून द्या. लांब दोरी लावून सुरुवात करा. दहापैकी नऊ वेळा येत नाही तोवर पट्टा काढू नका, मैदान कितीही चांगलं असो.

परतल्यावर आधी पंजे, तेही बोटांच्या बेचक्यांसकट, कोमट पाण्याने धुवून कोरडे करा. मग कानाची आतली बाजू पुसा. लोंबत्या कानांच्या जातींत ओल राहिली की दुखणं येतंच. मग मान, काखा, जांघा बोटांनी चाचपून गोचीड शोधा, पावसाळ्यात रोज. जुना टॉवेल दाराशीच टांगा. आमच्या हिचा पंढरपुरी टॉवेल त्या कामी गेला आहे, त्यावर मी इथे जास्त बोलत नाही.

बंगळुरूच्या एका ताईंनी निवृत्त झालेलं लष्करी कुत्रं दत्तक कसं घ्यायचं ते विचारलंय. त्यासाठी वेगळा भाग लागेल, तो पुढच्या वेळी घेतो.