लेकरांचा श्वास – भाग ६ : वाळूचं एक मिनिट

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकदम दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यातली दोन धाडच्या दोन अंगांना आली : एक बुलढाण्यात, दुसरं जालन्यात. वऱ्हाड जिथे मराठवाड्याला टेकतो त्या हद्दीवरचं हे गाव. तालुका बुलढाणा, पण दवाखान्यासाठी इथला माणूस जितका बुलढाण्याकडे जातो तितकाच भोकरदन-जालन्याकडेही वळतो, आणि दोन्हीकडे जमलं नाही की संभाजीनगरचं ‘घाटी’ रुग्णालय गाठतो. त्यामुळे कागदावर तरी २०२४ हे वर्ष धाडच्या लेकरांना बरं गेलं म्हणायचं.

जगातही त्या वर्षी मुलांच्या फुप्फुसांबद्दल दोन मोठ्या गोष्टी घडल्या. पहिली आरएसव्हीची. तान्ह्या बाळांच्या बारीक श्वासनळ्या सुजवणारा हा विषाणू. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने त्यावर दोन उपाय सुचवले : गरोदर आईला लस, नाहीतर बाळाला थेट तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे निर्सेविमॅबचं, एकच इंजेक्शन. औषध उत्तम आहे आणि महाग आहे. आपल्याकडच्या सरकारी लसीकरणात ते नाही, म्हणून धाडपुरता हा विषय तूर्त इथेच थांबतो.

दुसरी गोष्ट जरा अडचणीची. चुलीच्या धुराने मुलांना न्यूमोनिया होतो, गॅस आला की तो कमी होईल, असं सगळेच धरून चालले होते. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे ३,२०० गरोदर बायांवर याचा अभ्यास झाला. निम्म्या घरांत चुलीऐवजी गॅस दिला आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत लक्ष ठेवलं. २०२४ मध्ये निकाल छापून आला : घरातला धूर पुष्कळ कमी झाला, पण बाळांचा गंभीर न्यूमोनिया काही त्या मानाने घटला नाही. पऱ्हाट्यांच्या धुरात डोळे चोळत भाकरी थापणाऱ्या बाईला गॅस हवाच, तिच्या स्वतःच्या छातीसाठी हवा. पण सिलिंडर घरात आला म्हणून लेकराच्या न्यूमोनियाची काळजी मिटली, असं समजू नये.

मग काळजी मिटते कशाने? त्यासाठी विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, आणि जवळजवळ चार दशकं मागे जावं लागतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत कामाला लागले, तेव्हा तिथे मुलांच्या मृत्यूंचं एक मोठं कारण न्यूमोनिया होतं. इलाज ठाऊक होता, औषध स्वस्त होतं. अडत होतं ते निदानापाशी. न्यूमोनिया ओळखायचा म्हणजे डॉक्टर हवा, स्टेथोस्कोप हवा, जमल्यास एक्स-रे हवा, आणि गावात यातलं काहीच नाही. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन या बालरोगतज्ज्ञाने तोवर दाखवून दिलं होतं की खोकणाऱ्या मुलाचे श्वास नुसते मोजले तरी पुष्कळ कळतं. फुप्फुसातल्या हवेच्या कप्प्यांत पाणी-पू साचला की फुप्फुस ताठरतं. खोल श्वास घेता येत नाही, म्हणून बाळ उथळ आणि भराभर श्वास घेतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास झाले, की न्यूमोनिया धरायचा. ही मापं आजही तीच आहेत.

गडचिरोलीत पुढची अडचण वेगळीच निघाली. ज्या सुईणी घरोघर जाऊ शकत होत्या, त्यांतल्या कित्येकींचं मोजणं दहा-बाराच्या पुढे गेलं की चुकायचं. पन्नास-साठ कुठून मोजणार? तेव्हा त्यांच्यासाठी एक साधं यंत्र बनवलं गेलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. वीज नको, बॅटरी नको, अक्षरओळखही नको. वैद्यकशास्त्रात मोठमोठ्या शोधांचं कौतुक होतं ते ठीकच, पण बाईला जेवढं मोजता येतं तेवढ्यातच यंत्र बसवणारी ही अक्कल त्याच पंगतीत बसायला हवी.

१९८८-८९ या एका वर्षात ५८ गावांमध्ये हे चाललं. लोकांना न्यूमोनियाची लक्षणं सांगायची, सुईणी आणि आरोग्यदूतांनी श्वास मोजायचे, न्यूमोनिया वाटला तर को-ट्रायमॉक्साझोल द्यायचं. बाजूच्या ४४ गावांत नेहमीसारखं सरकारी-खासगी उपचारांवर सोडलेलं. वर्षाअखेर हिशेब झाला. कामाच्या गावांत न्यूमोनियावर ६१२ वेळा उपचार झाले होते, त्यांत मृत्यूचं प्रमाण शेकडा ०.८. शेजारच्या गावांत तेच शेकडा १३.५. पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू इकडे ८.१, तिकडे १७.५. एक मूल वाचवायला औषधाचा खर्च अडीच डॉलरच्या थोडा वर. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. मुलांच्या फुप्फुसांसाठी याहून मोलाचं एखादं वर्ष महाराष्ट्रात झालं असेल तर ते दाखवणं कठीण आहे, आणि त्या वर्षात फुप्फुसांचा तज्ज्ञ म्हणावा असा कोणी गावात पाऊलही ठेवत नव्हता.

आज धाडच्या एखाद्या घरात हेच कसं होतं? आजी म्हणते, “आशाताई, पोराचं पोट उडून राह्यलं वो.” आशाताईने पहिलं काम करायचं ते घाई न करण्याचं. बाळ रडत असेल तर मोजू नये. अंगावर पीत असेल तर थांबावं. झबलं वर करून पोट-छाती नीट दिसेल असं आईच्या मांडीवर घ्यावं आणि पूर्ण एक मिनिट मोजावं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची युक्ती मोठ्यांना चालते, तान्ह्याला नाही, कारण बाळाचा श्वास मधेच थबकतो, मधेच पळतो. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल किंवा सुस्त पडलं असेल, तर मोजण्यात वेळ घालवू नये, गाडी बोलवावी. केंद्र सरकारची ‘सांस’ मोहीम नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली ती याच धड्यावर. औषध बदललं, आता अॅमॉक्सिसिलिनची पाण्यात विरघळणारी गोळी आहे, आणि पहिला डोस देऊन पुढे पाठवायची मुभा आशाला आहे.

लसीचंही बोलायला हवं. न्यूमोकॉकल लस महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात जुलै २०२१ पासून आली : दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना. त्याआधी खासगीत एका डोसला काही हजार मोजावे लागत. पुण्याच्या सीरमने बनवलेल्या ‘न्यूमोसिल’ला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता डिसेंबर २०१९ मध्ये मिळाली होती. नऊ महिन्यांचा डोस गोवरच्या लसीबरोबरच असतो, तरी कापूसवेचणीच्या घाईत राहून जाणारा तोच.

इथवरचं काम गावात होतं. पुढचं होत नाही, आणि तज्ज्ञ हवा तो तिथे. न्यूमोनिया वाढला की रक्तातला ऑक्सिजन घसरतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९० च्या खाली दाखवू लागला की ऑक्सिजनशिवाय निभत नाही. नुसत्या ऑक्सिजननेही भागलं नाही, तर बबल सीपॅप. बाळाच्या नाकातून हवा जाते आणि तिची परतीची नळी पाण्यात बुडवलेली असते. ती जितकी खोल, तितका दाब फुप्फुसात टिकून राहतो. पूर्ण मिटलेला फुगा पहिल्या फुंकरीला जड जातो, थोडा फुगलेला सहज फुगतो, तसंच फुप्फुसातल्या हवेच्या कप्प्यांचं. दाब त्यांना मिटूच देत नाही.

ढाक्यात डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी शॅम्पूच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून हे करून दाखवलं. २०१५ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात साध्या ऑक्सिजनवरची १५ टक्के मुलं दगावली, बबल सीपॅपवरची ४ टक्के. जगभर कौतुक झालं. चार वर्षांनी मलावीतून उलटी बातमी आली. तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात कुपोषण, एचआयव्ही किंवा ऑक्सिजनची मोठी कमतरता असलेल्या मुलांवर तेच करून बघितलं, तेव्हा सीपॅपवरची १७ टक्के मुलं गेली आणि साध्या ऑक्सिजनवरची ११. यंत्राचं तत्त्व दोन्हीकडे एकच. ढाक्यात मात्र बाळाजवळ अनुभवी डॉक्टर होते, मलावीत डॉक्टरांची तशी रोजची देखरेख नव्हती. नाकातली नळी सरकते, पोट हवेने फुगतं, उलटी छातीत जाते. हे दर थोड्या वेळाने बघणारं कोणी नसेल तर मशीन वाचवण्याऐवजी घात करतं.

म्हणून बुलढाणा आणि जालन्याच्या नव्या महाविद्यालयांकडे बघताना किती खाटा, किती मशीन एवढंच विचारून भागायचं नाही. बालरोग विभागात रात्री दोन वाजता बाळाजवळ थांबणारे असतात ते निवासी डॉक्टर आणि परिचारिका. निवासी डॉक्टर येतात ते त्या विभागात एमडीच्या जागा सुरू झाल्यावर, आणि एमबीबीएसची पहिली तुकडी आली म्हणजे त्या आल्या असं होत नाही. तोवर धाडहून निघालेल्या १०८ च्या गाडीत ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे ना, आणि लहान मुलाच्या मापाची नाकनळी आहे ना, हे गाडी सुटायच्या आधी बघून घ्यावं. मोठ्या माणसाची नळी तान्ह्याच्या नाकात बसत नाही.

(पुढील आठवड्यात : मुलांचा दमा आणि पंपाची भीती)