तडा शोधायचा, पण कशाने?

माठ घेताना गिऱ्हाईक बोटाने ठोकून पाहते. आवाज बद्द आला की कुठेतरी चीर आहे, हे माठ न फोडताच कळते. कारखान्यांत याच कामाला ‘नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग’ किंवा एनडीटी म्हणतात. तिथे ठोकण्याचे प्रकार मात्र अनेक, आणि सगळे दोष कोणत्याच एका प्रकाराला दिसत नाहीत.

19 जुलै 1989 रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या डीसी-10 विमानाच्या शेपटीतील इंजिनाची, पंख्याची पाती धरणारी टायटॅनियमची चकती हवेतच फुटली. तुकड्यांमुळे तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले, तरी 296 पैकी 112 जण दगावले.

चकतीची तपासणी 17 महिन्यांपूर्वीच झाली होती. तेव्हाही तडा सुमारे अर्धा इंच लांब होता, असे चौकशीत दिसले. वापरलेली पद्धत होती पेनेट्रंटची. यात चमकणारा द्रव भागावर लावतात, तो फटीत मुरतो. वरचा धुऊन भुकटी टाकली की फटीतला द्रव वर येतो आणि अतिनील दिव्याखाली रेघ उमटते. पद्धत स्वस्त आणि चांगली. पण फट मिटलेली असेल किंवा मळाने भरली असेल तर द्रव शिरत नाही. शिवाय रेघ पाहायची माणसाच्या डोळ्यांनी, आणि इथे तडा होता चकतीच्या मधल्या छिद्राच्या आत.

मग दुसरी पद्धत? चुंबकीय भुकटी पोलादावर उत्तम चालते, पण टायटॅनियमला चुंबक धरत नाही. क्ष-किरणांत पोकळी दिसते. बारीक तडा मात्र किरण त्याच्या दिशेने गेले तरच. सोनोग्राफीसारखी अल्ट्रासॉनिक तपासणी चकती घडवतानाच झाली होती. ध्वनी पोकळीवरून परततो. टायटॅनियम वितळवताना राहिलेला नायट्रोजनयुक्त ठिसूळ कण धातूत घट्ट बसलेला असेल, तर प्रतिध्वनी जवळपास येतच नाही. तडा सुरू झाला तो अशाच कणापासून.

छिद्राच्या आतल्या पृष्ठभागासाठी ‘एडी करंट’ पद्धत अधिक सोयीची. तारेच्या छोट्या वेटोळ्यामुळे धातूत विद्युतप्रवाह फिरू लागतो, तडा आला की त्याला वळसा घालावा लागतो आणि उपकरणावर फरक उमटतो. अपघातानंतर अशा भागांसाठी तिच्यावर भर वाढला. तिची नजरही फार खोल जात नाही, त्यामुळे आतल्या दोषासाठी अल्ट्रासॉनिक लागतेच.