पंखा फिरतो, पण धूळ ओढतो का?

पनवेल : तळोजा एमआयडीसीत आपल्या गावांतली बरीच पोरं कामाला जातात. धूळ जिथं उठते तिथंच ओढून घ्यावी, हे 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 14 मध्येच आलं. पण पंखा गरगरतोय म्हणजे धूळ जातेच असं नाही. फिल्टरच्या पिशव्या चोंदतात, पाइपाला भोक पडतं, ओढ कमी होते. तपासणारा माणूस पाइपाच्या तोंडाशी थोडा धूर सोडून बघतो, हवेचा वेग यंत्रानं मोजतो, आतला दाब घेतो अन् बसवतानाच्या आकड्यांशी ताडतो. सिलिकाची सगळ्यात बारीक धूळ तर डोळ्यांना दिसतही नाही, अन् सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही. असलं मोजमाप शिकवणारी केंद्रीय श्रम संस्था सायनलाच आहे, इथून सरळ रस्ता. कारखान्यांनी दोन माणसं पाठवायला काय हरकत? अन् शेवटची तपासणी कधी झाली, हे कामगारांनीही विचारावं.