काळे तीळ : भोजन, अभ्यंग आणि दान

तेल या शब्दाचे मूळ तिळात आहे. संस्कृतात ‘तिल’ या शब्दावरून ‘तैल’ हा शब्द झाला आणि त्याचा पहिला अर्थ तिळातून निघालेला स्नेह एवढाच होता. पुढे मोहरी, करडई, नारळ आणि भुईमूग यांपासून निघणाऱ्या स्नेहांनाही तेच नाव मिळाले. अखेर भूगर्भातील खनिज तेलही तिळाचेच नाव धारण करू लागले. दक्षिणेकडील वेगळ्या भाषाकुळातही असेच घडले आहे. तमिळमध्ये तिळाला ‘एळ्ळु’ व तुपाला ‘नेय्’ म्हणतात आणि या दोहोंच्या संयोगातून ‘एण्णेय्’ हा तेलाचा सामान्य शब्द सिद्ध झाला. भारतातील दोन्ही मोठ्या भाषाकुळांनी तेलाला तिळावरून नाव द्यावे, यावरून या लहानशा बीजाचे प्राचीन जीवनातील स्थान लक्षात येते.

भाषेतील आणखी एक साक्ष येथे विचारात घेण्यासारखी आहे. अंगावरील काळ्या ठिपक्याला मराठीत तीळ, हिंदीत तिल आणि संस्कृत वैद्यकग्रंथांत ‘तिलकालक’ म्हणतात. हे नाव पांढऱ्या तिळावरून पडणे शक्य नव्हते. भाषेच्या स्मृतीत तीळ म्हणजे प्रथमतः काळा तीळ होय.

असे असूनही महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत काळे तीळ श्राद्धपक्षाखेरीज क्वचितच बाहेर निघतात. संक्रांतीचा तिळगूळ पांढऱ्या तिळांचा आणि तर्पणाचे तीळ काळे, अशी वाटणी रूढ झाल्यामुळे काळे तीळ अशुभ होत, असा समजही पसरला आहे. देशाच्या अन्य भागांतील चालीरीती पाहिल्या म्हणजे हा समज किती एकदेशी आहे हे ध्यानात येते. भोजन, अभ्यंग आणि दान या तीन कामांखेरीज तिळाचा अन्य उपयोग करणाऱ्याची मनुस्मृतीने निंदा केली आहे. याच तीन कामांच्या अनुरोधाने काळ्या तिळांचा परिचय करून घेणे सोयीचे होईल.

वनस्पती आणि बीज

तिळाचे शास्त्रीय नाव ‘सेसॅमम इंडिकम’ असे आहे. तीळ आफ्रिकेतून भारतात आला असावा असे पूर्वी अनेक विद्वान मानीत असत. परंतु भारतीय उपखंडात वाढणारा ‘सेसॅमम मलबारिकम’ हा रानतीळ लागवडीच्या तिळाशी सहज संकरित होतो आणि दोघांच्याही पेशींत गुणसूत्रांची संख्या २६ असते. त्यामुळे तिळाची लागवड प्रथम याच भूमीत सुरू झाली, हे मत आता सामान्यतः स्वीकारले गेले आहे. हडप्पा येथील उत्खननात इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकातील जळालेले तीळ सापडले आहेत. अथर्ववेदातही तिळाचा उल्लेख येतो.

तिळाचे रोप वर्षायू असून साधारणपणे कमरेइतके उंच वाढते. त्याला पांढरी किंवा फिकट जांभळी, घंटेच्या आकाराची फुले येतात. फुलांच्या जागी धरणारी बोंडे वाळली की टोकाकडून उकलतात आणि बी जमिनीवर सांडते. म्हणून खालची बोंडे पिवळी पडताच शेतकरी रोपे कापून त्यांच्या पेंढ्या उभ्या रचून ठेवतो व बोंडे उकलल्यावर त्या कापडावर किंवा खळ्यावर उलट्या धरून झटकतो. १९४३ साली व्हेनेझुएलात लँगहॅम या शास्त्रज्ञाला न उकलणाऱ्या बोंडांचे एक रोप आढळले. परंतु अशा बोंडांतून बी मोकळे करणेच अवघड ठरले. तिळाच्या काढणीला आजही मनुष्याचे हात मोठ्या प्रमाणावर लागतात, त्याचे कारण हे आहे.

काळे तीळ सोलले म्हणजे पांढरे तीळ होतात, असे काही जण समजतात. ते अर्धसत्य आहे. तिळाचा रंग त्याच्या टरफलाचा असतो आणि तो वाणानुसार काळा, तपकिरी, तांबूस किंवा पांढरा असतो. टरफल काढल्यावर प्रत्येक तिळाचा गर फिकटच दिसतो; मात्र बाजारातील अख्ख्या पांढऱ्या तिळाला स्वतःचे पांढरे टरफल असते.

काळ्या तिळांची गल्लत दुसऱ्या दोन बियांशीही होते. महाराष्ट्रात ज्यांची चटणी करतात ते कारळे सूर्यफुलाच्या कुळातील होत. त्यांना हिंदीत रामतिल आणि कन्नडमध्ये ‘हुच्चेळ्ळु’, म्हणजे वेडा तीळ, असे म्हणतात. नावात तीळ असला तरी त्यांचा तिळाशी संबंध नाही. कारळा लांबट व चकचकीत असतो, तर तीळ चपटा, एका टोकाला निमुळता व निस्तेज असतो. कलौंजी ही तिसरीच वनस्पती असून तिचे बी कोनदार असते.

भोजन

सुश्रुतसंहितेने तिळांची प्रतवारी केली आहे. तीत काळा तीळ श्रेष्ठ, पांढरा मध्यम आणि इतर रंगांचे तीळ कनिष्ठ मानले आहेत. आयुर्वेद तिळाला उष्ण व बलवर्धक समजतो. म्हणूनच तिळाचे बहुतेक पदार्थ थंडीच्या दिवसांत केले जातात आणि गर्भवतीला तीळ बेताने द्यावेत असा संकेत अनेक प्रांतांत आढळतो.

काळ्या तिळांचे सर्वांत मानाचे स्थान ईशान्य भारतात आहे. जानेवारीच्या मध्यास आसामात भोगाली बिहू साजरा होतो. शेतातील पीक घरात आल्यानंतरचा हा सण खाण्यापिण्याचाच असतो आणि ‘तिल पिठा’वाचून तो पुरा होत नाही. यासाठी ‘बोरा’ जातीचा चिकट तांदूळ भिजवून, निथळून व कुटून त्याची ओलसर पिठी करतात. तापलेल्या तव्यावर तेल न घालता ही पिठी पातळ पसरतात, मध्ये भाजून कुटलेले काळे तीळ व गूळ यांची रेघ घालतात आणि पिठीची गुंडाळी करतात. पिठीतील चिकटपणामुळे थर आपोआप जुळून येतो. बाहेरून शुभ्र व आतून काळाभोर असा हा पदार्थ पाहुण्यांपुढे ठेवणे हे आतिथ्याचे लक्षण मानले जाते. याच दिवसांत काळ्या तिळांचे लाडूही वळतात. आसामी स्वयंपाकात कोंबडी, बदक व डुकराचे मांसही काळ्या तिळांच्या वाटणात शिजवितात. मेघालयातील खासी लोक काळ्या तिळाला ‘नेइओंग’ म्हणतात आणि डुकराचे मांस व काळे तीळ यांचा ‘दोह नेइओंग’ हा त्यांचा आवडता पदार्थ आहे. या प्रदेशात काळे तीळ केवळ सणाचे नसून नित्याच्या रसोईतील आहेत.

पश्चिमेकडे गुजरातेत हिवाळ्यात ‘कचरियुं’ करतात. घाणीत तीळ भरडून, त्यांतील तेल पूर्णपणे वेगळे न करता, गूळ, सुंठ, पिंपळमूळ व सुके खोबरे मिसळून हा मऊ, तेलकट पदार्थ तयार होतो. काळ्या तिळांचे कचरियुं विशेष शक्तिदायक समजले जाते. आंध्र व तेलंगणात तीळ व गूळ कुटून ‘चिमिली’ करतात आणि मुलगी वयात आली म्हणजे तिला ती आवर्जून खाऊ घालतात. तमिळनाडूत काळ्या तिळांचे ‘एळ्ळुरुंडै’ हे लाडू, तिळाची पूड घातलेला ‘एळ्ळु सादम्’ हा भात आणि इडलीबरोबर खाण्याची कोरडी चटणी प्रसिद्ध आहे.

या कोरड्या चटणीत तीळ आणि उडदाची डाळ एकत्र येतात, ही गोष्ट आहारशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तिळात सुमारे ५० टक्के तेल व सुमारे २० टक्के प्रथिने असतात. या प्रथिनांत मेथिओनिन हे अमिनो आम्ल भरपूर, पण लायसिन कमी असते. डाळींचे नेमके उलट आहे. दोहोंच्या मिश्रणाने एकाची उणीव दुसरा भरून काढतो. हे रसायन ठाऊक नसतानाही गृहिणींनी अनुभवाने हा मेळ साधला.

टरफलासह १०० ग्रॅम तिळांत जवळजवळ १ ग्रॅम कॅल्शियम असते. मात्र त्याचा मोठा भाग टरफलात ऑक्झलेटशी बांधलेला असल्याने शरीराला तो सगळा मिळत नाही; काळ्या तिळाची किंचित कडसर चवही टरफलातूनच येते. सोललेल्या तिळात कॅल्शियम फारच कमी उरते. म्हणून काळ्या तिळाला कॅल्शियमचे भांडार म्हणताना अतिशयोक्ती टाळावी. तीळ भाजून कुटल्यास कडसरपणा कमी होतो, सुगंध खुलतो आणि पचनही सुलभ होते. अख्खे तीळ पुष्कळदा न चावताच गिळले जातात व त्यांचा लाभ होत नाही.

अभ्यंग

तमिळनाडूत तिळाच्या तेलाला ‘नल्लेण्णेय्’, म्हणजे चांगले तेल, असे नाव आहे. दीपावलीच्या पहाटे ते अंगाला चोळून स्नान करतात. महाराष्ट्रातील नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाचेही तेच मूळ आहे. चरकाने वात शमविणाऱ्या द्रव्यांत तेलाला अग्रस्थान दिले असून, केरळातील बहुतेक औषधी तेलांचा पाया आजही तिळाचे तेलच असतो. तमिळनाडूत लाकडी घाण्यात तीळ दळताना त्यात ताडगूळ घालतात. त्यामुळे तेल पेंडीपासून सुटे होण्यास मदत होते.

हे तेल इतर तेलांच्या मानाने लवकर खवट होत नाही. सेसॅमिन व सेसॅमोलिन ही द्रव्ये, आणि सेसॅमोलिनपासून बनणारे सेसॅमॉल, यांचा तेल टिकण्याशी संबंध आहे. सेसॅमॉलच्या एका गुणाचा उपयोग शासनानेही करून घेतला. तिळाच्या तेलात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल व फरफ्युराल मिसळल्यास तांबडा रंग येतो. ही ‘बोदुआँ कसोटी’ होय. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती स्वातंत्र्योत्तर काळात याचसाठी करण्यात आली. शुद्ध तुपात कोणी वनस्पतीची भेसळ केली, तर तो तांबडा रंग चोरी उघड करीत असे.

दान

पितरांचे तर्पण करताना दक्षिणेकडे मुख करून, ओंजळीत काळे तीळ व पाणी घेऊन, ते अंगठा व तर्जनी यांच्यामधून सोडतात. या तिलांजलीवरूनच कायमचा त्याग करणे या अर्थी ‘तिलांजली देणे’ हा वाक्प्रचार आला. तथापि तीळ मृतांपुरतेच आहेत असे धर्मग्रंथांनी म्हटलेले नाही. पौष वद्य एकादशीला, म्हणजे उत्तरेकडील पंचांगातील माघ कृष्ण एकादशीला, ‘षट्‌तिला’ असे नाव आहे. या दिवशी तिळाचे उटणे लावणे, तिळाच्या पाण्याने स्नान करणे, तिळाचे हवन, तर्पण, दान आणि भक्षण असे सहा उपयोग सांगितले आहेत. येथे एकाच दिवशी, एकाच बीजाने, पितर तृप्त होतात आणि जिवंत माणसे जेवतात. शनीच्या पूजेत तमिळ लोक तिळाचा भात अर्पण करतात आणि नंतर तोच प्रसाद म्हणून ग्रहण करतात.

गया हे पिंडदानाचे देशातील सर्वांत प्रसिद्ध क्षेत्र होय. फल्गू नदीच्या काठी तेथे पिंडात काळे तीळ मिसळले जातात. हेच गाव संक्रांतीच्या तिलकुटासाठीही तितकेच विख्यात आहे. हिवाळा आला की भाजलेले तीळ आणि गुळाचा किंवा साखरेचा पाक जड मुसळांनी कुटण्याचा आवाज तेथे ऐकू येऊ लागतो. दोन्ही कामे एकाच गावात निर्वेधपणे शेजारी नांदत आहेत.

या दोहोंना जोडणारा धागा मिथिलेच्या एका रूढीत स्पष्ट दिसतो. तेथे संक्रांतीला ‘तिला संक्रांती’ म्हणतात. त्या दिवशी घरातील वडीलधारी व्यक्ती मुलाच्या हातावर तीळ, तांदूळ व गूळ ठेवते आणि या तिळाचा भार तू वाहशील ना, असे तीनदा विचारते. मुलगा प्रत्येक वेळी होकार देतो. वार्धक्यात सांभाळ करण्याचे हे वचन होय. जिवंतपणी आईच्या हातून घेतलेला तीळ पुढे तर्पणाच्या ओंजळीतून परत दिला जातो. काळा तीळ मृत्यूचे चिन्ह नसून दोन पिढ्यांमधील ऋणाचे चिन्ह आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

पेरणीचा प्रश्न

ही परंपरा पुढे चालण्यासाठी काळे तीळ पेरले गेले पाहिजेत. पाव, बिस्किटे व तिळाचे लगदे यांसाठी जागतिक बाजारात सोललेल्या पांढऱ्या तिळाला मोठी मागणी असते आणि शेतकरी साहजिकच त्या मागणीकडे पाहतो. तरीही काही ठिकाणी जुने तीळ टिकून आहेत. केरळातील ओणाट्टुकरा या वालुकामय पट्ट्यात भातकापणीनंतर मोकळ्या राहणाऱ्या शेतांत तीळ घेण्याची पद्धत आहे. तेथील तिळाला २०२२ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. गुजरातेत ‘गुजरात तीळ १०’ हे काळ्या बियांचे वाणही प्रसारात आहे.

मात्र निर्देशांक किंवा सुधारित वाण यांपेक्षा निर्णायक गोष्ट स्वयंपाकघरात घडते. आसामात काळ्या तिळाचे पीक टिकून आहे, कारण तेथे तो खाल्ला जातो. तर्पणाला वर्षातून मूठभर तीळ पुरतात, आणि तेवढ्या मागणीवर कोणतेही पीक शेतात राहू शकत नाही. जे बीज केवळ मृतांसाठी राखून ठेवले जाते, ते पेरण्याचे कारण जिवंतांना उरत नाही.