मनगटावरचे घड्याळ आणि बोटाखालची नाडी

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे चालणारे, पळणारे आणि सायकल मारणारे लोक दिसतात. त्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली असतात, तशी डॉक्टरांनी ‘रोज चाला’ असे बजावलेली पन्नाशीची मंडळीही असतात. आता अनेकांच्या मनगटावर हिरवा दिवा लुकलुकणारे घड्याळ असते. छातीला पट्टा न बांधता ते हृदयाचे ठोके दाखवते. हजार-दीड हजारापासून असे घड्याळ मिळते, म्हणून वस्तीतल्या घरांतही ते येऊ लागले आहे. ते घ्यावे का, घेतले तर कोणते घ्यावे आणि त्याच्या आकड्यावर किती विसंबावे, हे या वेळी आम्ही सांगणार आहोत.

थोडक्यात उत्तर असे: घड्याळ ही सोय आहे, गरज नाही. आपली दोन बोटे हे त्याचे माप आहे. बोटांनी मोजलेल्या नाडीशी ज्याचा आकडा जुळेल तेच घड्याळ घ्यावे. आणि छातीत दुखत असेल तर कोणत्याही घड्याळाकडे बघत बसू नये.

घड्याळ ठोके कसे मोजते?

बारवीचे पाणी उल्हासनगर, अंबरनाथच्या नळांपर्यंत येते. पंप चालू आहे की नाही हे दोन प्रकारे कळते. पंपघरात उभे राहून पाहायचे, नाहीतर आपल्या गल्लीतल्या नळाची धार पाहायची. छातीचा पट्टा पंपघरात उभा असतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर निर्माण होणारी सूक्ष्म वीज तो थेट पकडतो. फिनलंडमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या पोलर या कंपनीने असे बिनतारी पट्टे खेळाडूंपर्यंत पोहोचवले. आजही पळताना सर्वांत भरवशाचा आकडा पट्टाच देतो. पण तो ओला करून, कपड्यांच्या आत छातीभोवती घट्ट बांधावा लागतो. रस्त्यावर चालायला निघालेल्या आपल्या बायकांना ते अडचणीचे होते, आणि त्याचा खर्चही वेगळा.

मनगटावरचे घड्याळ गल्लीतला नळ पाहते. त्याच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. ठोका पडला की मनगटात रक्त वाढते आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. दोन ठोक्यांच्या मधे उलट घडते. ही चढउतार मोजून घड्याळ आकडा काढते. म्हणजे घड्याळ हृदय पाहत नाही, हृदयापासून दूर असलेल्या कातडीतला रक्तप्रवाह पाहते. नळाला कुणी बोट लावले तर पंप नीट चालू असूनही धार बिघडते. तसेच घड्याळाचेही होते.

आकडा कशाने बिघडतो?

पट्टा सैल असला, तर प्रकाश बाजूने निसटतो. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या वर, कोपराच्या दिशेने एक-दोन बोटे अंतरावर बांधावे. हात हलवला तरी ते सरकू नये, पण हातावर वळही उठू नयेत. हातभर बांगड्या असतील तर त्या घड्याळावर आपटतात. अशा वेळी दुसऱ्या हातात बांधावे किंवा व्यायामापुरत्या बांगड्या वर सरकवून ठेवाव्यात.

आपल्या आजी-मावश्यांच्या हातांवर गोंदण असते आणि तरुणांच्या मनगटांवर टॅटू. गोंदणाची शाई प्रकाश अडवते. मनगटावर गडद, भरीव गोंदण असेल तर चांगले घड्याळही चुकू शकते. गोंदण नसलेल्या हातावर बांधून पाहावे.

‘सावळ्या कातडीवर हे चालते का?’ असाही प्रश्न लोकांच्या मनात असतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सर्व वर्णांच्या ५३ लोकांवर अशी घड्याळे तपासली. रंगामुळे अचूकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. फरक पडला तो हालचालीमुळे. स्वस्थ बसलेले असताना जेवढी चूक होत होती, त्यापेक्षा हालचाल करताना ती सरासरी ३० टक्क्यांनी जास्त होती. घड्याळा-घड्याळांतही फरक होता. म्हणून रंगाची चिंता नको, पण तपासून घेण्याचा आळसही नको.

थंडीच्या पहाटे हात गार पडतात, कातडीतले रक्त आटते आणि आकडा अडखळतो. आधी पाच-दहा मिनिटे हळू चालून अंग गरम करावे. दंडबैठका, गोळाफेक, सायकलचे हँडल घट्ट धरणे यांत मनगट वाकते आणि स्नायू आवळले जातात, तेव्हाही आकडा चुकतो.

धावणाऱ्यांनी एक चूक मुद्दाम ओळखून ठेवावी. धावताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावले पडतात. कधी कधी घड्याळ पावलांचे हादरेच ठोके समजते. नुकते पळायला लागलात, दम अजिबात लागलेला नाही आणि घड्याळ एकदम १७० दाखवते, तर ते बहुधा तुमचे पाय मोजत आहे. अशा वेळी थांबून बोटाने नाडी मोजावी.

आधी बोटाने मोजायला शिका

तळहात वर करा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या बाहेरच्या कडेला दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधले बोट हलके ठेवा. अंगठा वापरू नका, कारण त्याला स्वतःची नाडी असते. ठोके लागले की ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. व्यायाम थांबवल्यावर नाडी लगेच उतरू लागते, म्हणून तेव्हा १५ सेकंद मोजून चौपट करा.

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडून असेल तर तोही बाहेर काढा. ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी तो नाडीचा आकडा दाखवतो. बसून तपासण्यासाठी तो उपयोगी आहे. बोट गरम असावे, नखाला रंग नसावा.

मोठ्या माणसाची स्वस्थ बसलेली असतानाची नाडी साधारण ६० ते १०० असते. नियमित व्यायाम करणाऱ्यांची कमीही असते. बसल्या जागी ती सतत १०० च्या वर राहत असेल, तर ताप, रक्ताची कमतरता, थायरॉईड अशी कारणे असू शकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. तेव्हा ‘घड्याळ बिघडले’ म्हणून विषय सोडू नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या. तंबाखू आणि मिश्रीनेही नाडी वाढते. मिश्री लावून मोजलेला आकडा खरा धरू नये.

घेताना काय तपासावे?

पहिली तपासणी बसून. घड्याळ बांधून पाच मिनिटे शांत बसा. बोटाने तीन वेळा मोजा. दोन्हींत पाचाच्या आतबाहेर फरक असेल तर ठीक.

दुसरी तपासणी दम लागल्यावर. दोन-तीन मिनिटे जिने चढा-उतरा. घड्याळाचा आकडा वाढला पाहिजे. थांबल्याबरोबर बोटाने मोजा. घड्याळ काही सेकंद मागे राहते, ते चालेल. पण आकडा वाढलाच नाही किंवा बोटापेक्षा दहाहून अधिक चुकत राहिला, तर ते घड्याळ ठेवू नका.

तिसरी तपासणी घड्याळ काढून. ते टेबलावर ठेवून पुन्हा मोजायला लावा. काहीच न सापडता जे घड्याळ रेघ दाखवते ते प्रामाणिक. लाकडावरही ७२ ठोके दाखवणारे परत करा. मात्र कापडाची गुंडाळी किंवा फळ बांधून केलेली गंमत निर्णायक मानू नये. अशा वस्तूंवर कधी कधी चांगले घड्याळही फसते.

स्टेशनबाहेरच्या गाड्यावर या तपासण्या करू देत नसतील, तर तिथून घेऊ नका. ऑनलाइन घेतल्यास परत करण्याची मुदत संपण्याआधी त्या घरी करा आणि तोवर खोके फाडू नका. बिल आणि वॉरंटी मागा. व्यायाम करताना घड्याळ ठोके सतत मोजते की दर दहा मिनिटांनी एकदा, हे विचारा. दर दहा मिनिटांनी मोजणारे धावणाऱ्याच्या कामाचे नाही. आकडा उन्हात वाचता यावा, पट्टा बदलता यावा आणि फोन घरी ठेवला तरी घड्याळ चालावे. फोनमधले ॲप फोननंबरांची यादी किंवा फोटो मागत असेल तर परवानगी नाकारा. ठोके मोजायला त्यांची गरज नसते.

आकड्याचा उपयोग काय?

२२० मधून वय वजा केले की हृदयाच्या कमाल वेगाचा ढोबळ अंदाज येतो. मध्यम व्यायामात नाडी त्याच्या ६४ ते ७६ टक्के असावी. चाळिशीच्या माणसासाठी कमाल १८०, म्हणजे मध्यम व्यायाम ११५ ते १३७. साठीच्या माणसासाठी १०२ ते १२२. हा अंदाजच आहे, माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल अशा गोळ्या घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच कमी राहते. त्यांना हे गणित लागू नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारावे.

घड्याळ नसेल तर बोलून पाहा. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांतच धाप लागते, तो जोरदार. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

घड्याळाचा खरा फायदा महिन्या-दोन महिन्यांनी दिसतो. त्याच चढावर, त्याच वेगाने नाडी आधीपेक्षा कमी चढू लागली, तर दमसास वाढला असे समजावे. उकाड्यात किंवा झोप कमी झाल्यावर तीच नाडी जास्त चढते. त्या दिवशी वेग कमी करावा.

घड्याळ जे सांगत नाही

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या धावण्याच्या चाचणीत काही तरुण उमेदवार कोसळून मरण पावले. त्यानंतर धावण्याचे अंतर ५ किलोमीटरवरून ३ किलोमीटर करण्यात आले. भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक घराने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पळताना छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बेशुद्ध पडणे किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर सराव थांबवून आधी सरकारी रुग्णालयात ईसीजी काढून घ्या. बोटाखाली नाडी वेडीवाकडी, मधेच चुकणारी लागली तरीही दाखवा. ‘घड्याळावर सगळे नॉर्मल आहे’ हे तपासणी टाळायचे कारण नव्हे.

महाग घड्याळात ईसीजीची सोय असते, पण तेही हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. स्वस्त घड्याळातल्या रक्तदाबाच्या आकड्यावर गोळी कमी-जास्त करू नये, दंडाला पट्टा बांधूनच रक्तदाब मोजावा. सुई न टोचता साखर दाखवणाऱ्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून दूर राहा, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आपल्या आशाताईंना विचारा.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप अशी लक्षणे दिसली तर १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे बसा. एकाने घड्याळ बघून वेळ सांगावी आणि लहानथोरांनी आपापली नाडी मोजून वहीत लिहावी. ज्यांच्याकडे नाडी दाखवणारे घड्याळ आहे त्यांनी त्याचा आकडाही शेजारी लिहावा. कोणाचे घड्याळ ठेवण्यासारखे आहे आणि कोणाला दवाखान्यात पाठवायला हवे, हे त्या एका पानावरून बरेचसे कळेल.