परदेशी रहिवासी आणि घरगुती सेवा : पडेगाव परिसराच्या संदर्भात वीज, पाणी, गॅस व दूरध्वनी सेवांचे विवेचन

प्रस्तावना :

छत्रपती संभाजीनगर शहराचा परमुलखातून आलेल्या माणसांशी असलेला संबंध जुना आहे. इ. स. १६१० च्या सुमारास खडकी या नावाने हे शहर वसविणारा मलिक अंबर मूळचा अबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. शहराला भूमिगत नहरीने पाणी पुरविण्याची व्यवस्था त्याच्याच काळात उभी राहिली आणि ती ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने आजही ओळखली जाते. परदेशातून आलेल्या एका माणसाने या शहराच्या घरोघरी पाणी पोहोचविले, हा इतिहास आहे. आज परदेशातून येथे येणाऱ्या माणसाला मात्र स्वतःच्या खोलीत पाणी, वीज आणि दूरध्वनी मिळविण्यासाठी बरीच यातायात करावी लागते.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झालेले आणि १९९४ मध्ये नामविस्तार झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे परदेशी विद्यार्थी या शहरात येण्याचे प्रमुख कारण होय. येमेनसारख्या अरब देशांतून व आफ्रिका खंडातून येथे विद्यार्थी आले आणि येतात. वसतिगृहातील जागा मर्यादित असल्याने, तसेच अनेक जण कुटुंबासह येत असल्याने भाड्याचे घर घेणे त्यांना क्रमप्राप्त ठरते. छावणीच्या पुढे, दौलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पडेगाव हे मूळचे खेडे आता महानगरपालिकेच्या हद्दीत असून शहराच्या कडेने वाढलेल्या निवासी वस्तीचे ते प्रातिनिधिक उदाहरण मानता येते. अशा वस्तीत भाड्याने राहू इच्छिणाऱ्या परदेशी व्यक्तीस घरगुती सेवा कोणत्या नियमांनी मिळतात आणि त्या कोठे अडतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :

१) घरगुती सेवांसाठी लागणाऱ्या कागदपत्रांचे परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) वीज, पाणी, गॅस व दूरध्वनी या सेवांतील नियम व प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर दाखविणे.
३) परदेशी रहिवासी, घरमालक व शिक्षणसंस्था यांच्यासाठी उपयुक्त सूचना मांडणे.

पत्त्याचा पुरावा : मूळ अडचण

घरगुती सेवेसाठी पत्त्याचा पुरावा मागितला जातो आणि पत्त्याचा सर्वाधिक मान्य पुरावा म्हणजे घरगुती सेवेचेच देयक. स्थानिक माणूस शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र किंवा वडिलांच्या नावाचे वीजबिल दाखवून या चक्रातून सुटतो. परदेशी व्यक्तीजवळ यांपैकी काहीच नसते. पासपोर्टवरून तिची ओळख सिद्ध होते, परंतु पडेगावातील तिचा पत्ता सिद्ध होत नाही.

या चक्रातून बाहेर पडण्याचा पहिला मार्ग म्हणजे नोंदणीकृत भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा अथवा अनुज्ञप्तीचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढेच नव्हे, कराराच्या अटींविषयी वाद उद्भवल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. असे असूनही साध्या मुद्रांक कागदावर करार करण्याची अथवा तोंडी बोलण्यावर घर देण्याची प्रथा शहराच्या कडेच्या वसाहतींत रूढ आहे.

दुसरा मार्ग परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा आहे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीने आगमनानंतर १४ दिवसांच्या आत नोंदणी करावी, असा नियम आहे. परदेशी व्यक्तीस निवारा देणाऱ्यानेही २४ तासांच्या आत तशी माहिती कळविणे आवश्यक असते. पूर्वी परदेशी नागरिक अधिनियम, १९४६ आदी कायद्यांन्वये चालणारी ही व्यवस्था सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ खाली आली आहे. हे काम ऑनलाइन होते. तथापि अनेक घरमालकांना ते पोलीस चौकशीसारखे वाटते आणि म्हणून ते परदेशी भाडेकरूच टाळतात. वस्तुतः ही नोंद घरमालकाचे रक्षण करते, कारण आपण काहीही दडविले नाही याचा तो लेखी पुरावा असतो.

मागील १२ महिन्यांत १८२ दिवस वा अधिक काळ भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीस आधार क्रमांकही मिळू शकतो. तो नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. शिवाय ही सोय पहिल्या सहा महिन्यांनंतरची असून खरी निकड पहिल्या सहा दिवसांतच भासते.

वीज :

१९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. या शहरातील वितरण २०११ ते २०१४ या काळात खाजगी फ्रँचायझीकडे होते आणि नंतर ते पुन्हा महावितरणकडे आले.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेच्या मालकाने ‘अथवा भोगवटादाराने’ अर्ज केल्यास वीजपुरवठा देणे हे परवानाधारकाचे कर्तव्य आहे. हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. कायद्याने मालकी वा नागरिकत्व ही अट घातलेली नाही. व्यवहारात मात्र भाडेकरूला मालकाचे ना-हरकत पत्र जोडावे लागते आणि ११ महिन्यांच्या करारासाठी नवे मीटर घेण्याची तयारी क्वचितच कोणी दाखवितो. परिणामी मीटर मालकाच्या नावे आणि वापर भाडेकरूचा, अशी स्थिती राहते.

या स्थितीचे दोन परिणाम संभवतात. पहिला परिणाम आर्थिक आहे. घरगुती वीजदर वापराच्या टप्प्यांनुसार वाढतो. पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत आणि दुसरा १०१ ते ३०० युनिटांचा असतो. एका मीटरवर चार खोल्या असून प्रत्येक खोलीत महिन्याला ७५ युनिट वीज वापरली गेली, असे समजू. स्वतंत्र मीटर असते, तर चारही जणांचा संपूर्ण वापर पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसला असता. एकत्र मीटरवर ३०० युनिटांपैकी केवळ १०० युनिट पहिल्या टप्प्यात जातात आणि उरलेले २०० दुसऱ्या टप्प्याच्या दराने आकारले जातात. अर्थात स्वतंत्र मीटरला स्थिर आकार वेगळा पडतो, म्हणून दोन्ही बाजूंचा हिशेब मांडूनच निर्णय घ्यावा. मालक उपमीटर बसवून प्रतियुनिट ठरावीक रक्कम घेत असल्यास ती मूळ बिलाशी ताडून पाहणे भाडेकरूच्या हिताचे असते.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. भाडेकरूने मालकाला पैसे दिले, पण मालकाने बिल भरले नाही, तर कलम ५६ नुसार १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो. ही नोटीस मालकाच्या नावे येते आणि अंधार भाडेकरूच्या घरात होतो. यावर सोपा उपाय उपलब्ध आहे. बिलावरील १२ अंकी ग्राहक क्रमांकावरून कोणासही बिल पाहता व भरता येते. भाडेकरूने ते परस्पर भरून पावती मालकाला द्यावी आणि ही पद्धत करारातच नमूद करावी.

पाणी :

शहराची तहान पैठणच्या जायकवाडी प्रकल्पातील नाथसागर जलाशयावर भागते. तेथून सुमारे ४० कि.मी. अंतरावरून पाणी उपसून आणावे लागते. वाढत्या लोकसंख्येला जुन्या जलवाहिन्या अपुऱ्या पडल्याने नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणे हा शहराचा नित्याचा अनुभव झाला. २०१४ मध्ये पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आला, पण २०१६ मध्ये तो करार रद्द झाला. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च २,७४० कोटी रुपयांवर गेला.

चोवीस तास नळ चालू असणाऱ्या शहरातून आलेल्या व्यक्तीस ‘पाणी कधी येते?’ हा प्रश्न घर पाहताना सुचत नाही. नळजोडणी महानगरपालिकेची आहे की घर केवळ बोअर व टँकरवर अवलंबून आहे, जमिनीखालचा हौद व गच्चीवरील टाकी किती लिटरची आहे, टँकरचा खर्च कोणी सोसायचा, हे प्रश्न भाडे ठरण्यापूर्वीच विचारावेत. पाणीपट्टी मीटरवर न आकारता वार्षिक ठोक स्वरूपात आकारली जात आली आहे, म्हणून ती मालकाकडेच राहणे सोयीचे ठरते. लगतच्या छावणी परिसराचा नागरी कारभार महानगरपालिकेऐवजी छावणी परिषदेकडे राहिला आहे. म्हणून घर नेमके कोणाच्या हद्दीत आहे, हेही पाहावे लागते.

स्वयंपाकाचा गॅस :

घरगुती वापराचे १४.२ किलोचे सिलिंडर घेण्यासाठी वितरकाकडे रीतसर जोडणी घ्यावी लागते आणि तेथे पुन्हा पत्त्याचा पुरावा आडवा येतो. अल्पकाळ राहणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०१३ पासून ५ किलोचे सिलिंडर केवळ ओळखपत्रावर, निवडक पेट्रोल पंपांवर बाजारभावाने विकण्यास प्रारंभ झाला. विद्यार्थी व स्थलांतरित कामगार यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली ही सोय परदेशी रहिवाशांनाही उपयोगी आहे. ही माहिती नसल्याने लहान शेगडीत बेकायदा गॅस भरून घेण्याचा मार्ग पत्करला जातो, तो जिवावर बेतू शकतो. गॅसगळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर करता येते, ही गोष्ट प्रत्येक भाडेकरूस त्याला समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजे.

दूरध्वनी व इंटरनेट :

ऑक्टोबर २००० मध्ये भारत संचार निगम अस्तित्वात आल्यानंतरच्या काळात घरचा दूरध्वनी हीच पत्त्याची मोठी ओळख होती आणि परदेशी विद्यार्थ्याला मायदेशी बोलण्यासाठी आयएसडी बूथ गाठावे लागे. आज बँकेचा व्यवहार, गॅसची नोंदणी, वीजबिलाची सूचना व व्हिसाविषयक अर्ज हे सर्व मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर अवलंबून आहे. त्यामुळे दूरध्वनी ही अन्य सर्व सेवांची किल्ली झाली आहे.

परदेशी व्यक्तीस सिमकार्ड घेताना पासपोर्ट व व्हिसा दाखवावा लागतो, स्थानिक पत्ता व संदर्भ द्यावा लागतो आणि जोडणीची मुदत व्हिसाच्या मुदतीशी बांधलेली असते. व्हिसा वाढवून मिळाल्यावर ती माहिती कंपनीला न कळविल्यास क्रमांक बंद पडण्याचा व त्याबरोबर बँकेचे दारही मिटण्याचा धोका असतो. ही अडचण टाळण्यासाठी एखादा स्थानिक मित्र आपल्या नावाचे सिमकार्ड देतो. हेतू चांगला असला, तरी त्या क्रमांकावरून जे घडेल त्याची विचारणा त्या मित्राकडेच होते. तोतयेगिरीने वा फसवणुकीने सिमकार्ड मिळविल्यास दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद अथवा ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या नावावर किती क्रमांक आहेत, हे २०२३ पासून ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर कोणासही तपासता येते.

मेक्सिकोशी तुलना :

ही अडचण केवळ आपल्याकडचीच नाही. मेक्सिकोत सान मिगेल दे आयेंदे, चापाला सरोवराकाठची गावे येथे अमेरिकन व कॅनेडियन रहिवासी मोठ्या संख्येने राहतात. तेथेही वीज सरकारी मंडळाकडून मिळते. १९३७ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ घरगुती ग्राहकांना सामान्यतः दोन महिन्यांचे एकत्र बिल देते. हेच बिल तेथेही पत्त्याचा पुरावा म्हणून सर्वत्र मागितले जाते आणि भाड्याच्या घरात ते बहुधा मालकाच्या नावे असते. गच्चीवरील पाण्याची टाकी व गॅसचे सिलिंडर हे दृश्यही संभाजीनगरच्या माणसाला ओळखीचे वाटेल. फरक माणसांच्या स्थितीत आहे. तेथील परदेशी रहिवाशांत निवृत्तिवेतनावर जगणारे बरेच असतात. दलालाला पैसे देऊन ते कामे करवून घेऊ शकतात. येथे आलेला विद्यार्थी शिष्यवृत्तीवर अथवा घरून येणाऱ्या पैशांवर राहतो. येमेनमध्ये २०१४ पासून युद्ध पेटल्यावर अशा पैशांचा ओघही बेभरवशाचा झाला. त्याच्यासाठी एका महिन्याचा विलंब म्हणजे केवळ गैरसोय नसते.

सूचना :

या प्रश्नावरील तोडग्याचा नमुना बँकिंग क्षेत्रात तयार आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार परदेशी विद्यार्थ्यास पासपोर्ट, व्हिसा व प्रवेशपत्र यांवर अनिवासी सामान्य खाते उघडता येते. स्थानिक पत्ता ३० दिवसांत द्यावयाचा असतो आणि तोवर व्यवहारांवर ठरावीक मर्यादा असते. आधी सेवा व नंतर पडताळणी, हे तत्त्व अन्य सेवांनाही लागू करता येण्यासारखे आहे. त्या दृष्टीने पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) शिक्षणसंस्थेने प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्यास निवासाचा दाखला द्यावा आणि घरमालकास नोंदणीची माहिती पुरवावी.
२) भाडेकरार नोंदणीकृत असावा व त्यात वीज, पाणी, टँकर आणि देखभाल यांचा खर्च कोणी करावयाचा ते स्पष्ट लिहावे. १९९९ च्या अधिनियमातील कलम २९ नुसार मालकास भाडेकरूची आवश्यक सेवा योग्य कारणाविना तोडता येत नाही. तथापि ११ महिन्यांच्या अनुज्ञप्तीवर राहणाऱ्याची कायदेशीर स्थिती भाडेकरूहून वेगळी असल्याने तशी अट करारातच घालून घ्यावी.
३) २०२३ मध्ये शहराचे नाव बदलल्याने जुन्या व नव्या कागदपत्रांवर भिन्न नावे आढळतात. सर्व अर्जांत पत्ता एकसारखा लिहावा.
४) व्हिसाची मुदत वाढताच दूरध्वनी कंपनी व बँक यांना त्वरित कळवावे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, परदेशी रहिवाशाला घरगुती सेवा नाकारणारा कायदा नाही. वीज कायद्याने तर भोगवटादाराचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. अडचण निर्माण होते ती प्रत्येक सेवा दुसऱ्या सेवेचा पुरावा मागते म्हणून, आणि पहिला पुरावा देणारा कोणी नसतो म्हणून. हा पहिला कागद देण्याचे काम शिक्षणसंस्था व घरमालक यांनी मिळून केल्यास उरलेले मार्ग बव्हंशी आपोआप खुले होतात. वीजबिलावर नाव कोणाचेही असो, त्या घरात राहणाऱ्याला पावती हातात घेऊन आपला पत्ता सांगता आला पाहिजे.